खिंडीच्या अलीकडे

बर्फावरून घसरायला म्हणून घराबाहेर पडलेल्या आम्ही पाचजणी, आणि सकाळी सात वाजता खांद्यावर स्की टाकून गोठलेल्या गवतातून चाललो होतो! कुणी लांबून पाहिले असते तर वाटले असते, बायका मोळ्या घेऊन रानातून परतताहेत. फेब्रुवारी महिना, स्वित्झर्लंडातली पंधराशे मीटर उंचीवरची जागा, थंडी अशी मी म्हणणारी. आणि पायाखाली मात्र पिवळे गवत, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, आणि मधूनमधून जुन्या लुगड्याला लावावे तसे बर्फाचे ठिगळ.

साताऱ्याची माझी वहिनी दर फोनला विचारते, "तुमच्याकडे काय बाई, बर्फच बर्फ असेल!" तिला काय सांगणार? त्या वर्षी डिसेंबरात एकदा चांगला बर्फ पडला, मग जानेवारी सारा कोरडा गेला. आकाश निळे, ऊन लख्ख, रात्री कडाक्याची थंडी. शेतकऱ्याने ढगाकडे पाहावे तसे आम्ही रोज डोंगराकडे पाहत होतो.

स्कीइंग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमा उभा राहतो. पाळण्यात बसून वर जायचे आणि आखून दिलेल्या उतारावरून भुर्रकन खाली यायचे. आमचा प्रकार निराळा. ह्यात पाळणा नाही. आपला डोंगर आपणच चढायचा. त्यासाठी स्कीच्या तळाला एक लांब पट्टी चिकटवतात. मखमलीवरून हात फिरवून पाहा, एका दिशेने गुळगुळीत लागते, उलट्या दिशेने अडते. ही पट्टी तशीच असते. पाऊल पुढे सरकते, मागे घसरत नाही. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असे, आता मोहेरची नाहीतर नायलॉनची मिळते. पण नाव अजून 'कातडी'च आहे. बुटाची टाच मोकळी ठेवतात, म्हणजे चालता येते. माथ्यावर पोचले की कातडी सोलून काढायची, टाच पक्की अडकवायची आणि उतरायचे. तीन तास चढणे आणि पाऊण तास उतरणे! "एवढा खटाटोप कशासाठी?" असे हे मला गेली आठ वर्षे विचारतात. पुरणपोळीलाही सकाळ जाते आणि ती पाच मिनिटांत संपते, असे मी त्यांना सांगते. ह्यावर ते काही बोलत नाहीत, कारण पुरणपोळी त्यांना हवी असते.

ह्या खेपेची वाट मात्र माझ्या हट्टाने ठरली होती. दावोस गावाखाली फ्राउएनकिर्ख नावाची छोटी वस्ती आहे, तिथून माइनफेल्डर फुर्गा ही २४४० मीटर उंचीची खिंड ओलांडून पलीकडे आरोसाला उतरायचे. हट्टाचे कारण शेरलॉक होम्स! लहानपणी वाचनालयातून आणून आणून ते मराठी अनुवाद मी पांघरुणात वाचलेले. होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल ह्याच खिंडीतून २३ मार्च १८९४ रोजी स्कीवरून आरोसाला गेले होते. दावोसचे टोबियास आणि योहानेस ब्रांगर हे दोघे भाऊ त्यांच्या बरोबर होते. तेव्हा स्की हा प्रकार इथे इतका नवा होता की लोक हसतील म्हणून हे भाऊ सुरुवातीला अंधार पडल्यावर सराव करत, असे सांगतात. डॉयलसाहेब बऱ्याच ठिकाणी पडले, काही उतार तर त्यांनी चक्क बसून, विजारीच्या भरवशावर पार केला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात 'स्ट्रँड' मासिकात त्यावर मोठा मिस्किल लेख लिहिला. आरोसाच्या हॉटेलात पाहुण्यांच्या वहीत टोबियासने त्यांचा व्यवसाय 'खेळाडू' असा लिहिला, ही गोष्ट तर इथे सगळ्यांना पाठ आहे.

पण ते दावोसला आले होते कशासाठी, हे कुणी फारसे सांगत नाही. त्यांची पत्नी लुईझा हिला क्षय झाला होता. दावोसची कोरडी, स्वच्छ हवा तेव्हा क्षयावरचा उपाय समजत. डॉक्टरांनी थोडेच महिने सांगितले होते. ती पुढे १९०६ पर्यंत जगली. थॉमस मान ह्या जर्मन लेखकाचेही तसेच. १९१२ साली तो इथे आला तो पत्नी काट्या हिला भेटायला, आणि त्यातून १९२४ साली 'जादूचा डोंगर' ही जगप्रसिद्ध कादंबरी झाली. खोकणाऱ्या बायका गच्चीवर घोंगड्यांत पडून राहिल्या आणि नाव नवऱ्यांचे झाले! असो. लुईझा गच्चीवर पडून ज्या डोंगराकडे पाहत असेल तो आपण ओलांडावा, असे माझ्या मनाने घेतले होते, एवढे खरे.

दावोस आणि आरोसा नकाशावर शेजारी-शेजारी दिसतात. पण मधल्या डोंगरामुळे आगगाडीने जायचे तर आधी खाली लांडक्वार्टला, तिथून कूरला आणि तिथून पुन्हा वर, असा दोन-अडीच तासांचा वळसा पडतो. ह्यांचे गुडघे दुखतात, म्हणून आमच्या बॅगा घेऊन हे आगगाडीने पुढे जाणार आणि आम्ही डोंगरातून चालत येऊन त्यांना भेटणार, असा बेत होता. आरोसाला खोल्या ठरवून पैसेही भरून झाले होते. पैसे परत मिळणार नव्हते. ही गोष्ट माझ्या डोक्यात किती घट्ट बसली होती, ते पुढे कळले.

आमच्या म्होरक्या म्हणजे आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आजी. माझी मुलगी लहान असताना त्यांनी तिला सांभाळले, म्हणून आजी. एरवी चौसष्टाव्या वर्षी त्या मला मागे टाकतात. शाळेत व्यायाम शिकवीत असत. डोंगराचे वेड त्यांना आईकडून आले. स्विस आल्पाइन क्लबाने १९०७ साली बायकांना दार लावून घेतले, तेव्हा १९१८ साली बायकांनी आपला निराळा क्लब काढला. दोन्ही एक झाले ते थेट १९८० साली. आजींच्या आई त्या बायकांच्या क्लबातल्या. त्या डोंगर चढत होत्या तेव्हा त्यांना देशात मत नव्हते. स्वित्झर्लंडात बायकांना ते १९७१ साली मिळाले. माझ्या आजीने पहिल्या निवडणुकीत, १९५२ साली, नऊवारी नेसून मत दिले होते, हे मी सांगितले तेव्हा आजी कितीतरी वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझ्या आईला हे कळायला हवं होतं."

बाकी दोघींपैकी एक परिचारिका, एक बालवाडीच्या बाई. आणि पाचवी माझी मुलगी, सतरा वर्षांची. लांब पल्ल्याची तिची ही पहिलीच वाट.

आदल्या रात्री आम्ही दावोसला मुक्काम केला. बर्फाचा आणि हिमकड्यांचा अभ्यास करणारी संस्था दावोसमध्येच आहे. वर वाइसफ्लुयोख नावाच्या खिंडीत १९३६ पासून बर्फाची मोजमापे चालली आहेत. हिवाळ्यात रोज संध्याकाळी पाच वाजता ही संस्था दुसऱ्या दिवसाचा अंदाज देते. धोक्याच्या पाच पायऱ्या. सर्वांत जास्त माणसे तिसऱ्या पायरीवर दगावतात, कारण चौथी-पाचवी लागली की शहाणी माणसे घरीच बसतात. त्या संध्याकाळी दुसरी पायरी होती, मध्यम. मी म्हटले, "चला, सुटलो. तसाही बर्फ आहेच कुठे?"

आजींनी माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता टेबलावरचे साखरेचे भांडे ओढले. एका बशीत त्यांनी जाड साखर पसरली. तिच्यावर एक मोठे चपटे बिस्किट ठेवले आणि बशी हळूहळू तिरपी केली. बिस्किट होते तिथेच राहिले. "पाहा, काही होत नाही," आजी म्हणाल्या. मग त्यांनी बिस्किटावर एक बोट टेकले, नुसते टेकले, आणि बिस्किट सरळ माझ्या मांडीत!

त्यांनी समजावून सांगितले ते असे. बर्फ जाड असला की तो गोधडीसारखे काम करतो. तळाशी, जमिनीलगत ऊब शून्याच्या आसपास टिकते आणि वरच्या थंडीपर्यंतचा फरक जाडीत वाटला जातो. बर्फ पातळ असला की तळाची ऊब आणि वरची उणे पंधरा-वीसची थंडी ह्यांच्यात फार थोडे अंतर राहते. मग तळाच्या बर्फाची वाफ सारखी वर सरकत राहते आणि मागे उरतात ते मोठे, सुटे, एकमेकांना न धरणारे खडे. साखरेसारखे. त्यांचा लाडू वळायला गेलात तर वळत नाही. ह्या साखरेवर पुढे वारा बर्फ आणून थापतो, त्याची कडक वडी होते. तीस अंशांहून जास्त उतार असला की ही वडी माणसाच्या वजनाने सुटते आणि अख्खा उतार चालू लागतो. आपल्या घाटात पावसाळ्यात दरड येते ना, तशी ही बर्फाची दरड. फरक एवढाच, की ही बहुधा तिच्यात सापडलेल्या माणसानेच किंवा त्याच्या सोबत्याने सोडवलेली असते.

"म्हणजे कमी बर्फ म्हणजे कमी धोका नव्हे?" मुलीने विचारले.

"कधी कधी उलटंच," आजी म्हणाल्या.

मग गळ्यातली यंत्रे तपासली. हे पाकिटाएवढे यंत्र सारखा संदेश पाठवीत असते. एखादी बर्फाखाली गेली तर बाकीच्यांनी आपापली यंत्रे शोधण्यावर टाकून तिच्यापर्यंत जायचे, लांब काठीने टोचून नेमकी जागा धरायची आणि फावड्याने उकरायचे. हे सारे दहा-पंधरा मिनिटांत. तेवढ्यात बाहेर काढले तर दहांतली नऊ माणसे वाचतात, अर्धा तास उलटला की जेमतेम तीन. मदतीचे हेलिकॉप्टर कितीही लवकर आले तरी ही मिनिटे आपल्याच हातांत असतात. माझ्या मुलीने मला पुरलेले समजून खोलीतल्या पलंगाखाली पिशवी शोधून दाखवली. शाबासकी देताना माझ्या पोटात कालवले. मुलीच्या हाती फावडे देण्याची कल्पना आईच्या मनात सहज बसत नाही.

झोपण्यापूर्वी आजींनी त्यांचा नेहमीचा नियम सांगितला. "उद्या कुणीही, कुठेही 'नको' म्हटलं की आपण परत फिरायचं. एकीचं 'नको' पुरे. कारण विचारायचं नाही." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तर जोरात डोलावली.

सकाळी फ्राउएनकिर्खला उतरलो. नावाचा शब्दशः अर्थ 'बायकांचे देऊळ' असा होईल, पण ते 'माउलीचे', म्हणजे मेरीमातेचे. देऊळ पाहण्यासारखे आहे. डोंगराकडची त्याची भिंत सपाट नाही, होडीच्या नाळेसारखी टोकदार बांधलेली आहे. बर्फाची दरड आली की तिने टोकावर दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावे, देवळाला धक्का लागू नये! जुन्या लोकांनी देवावर भरवसा ठेवला, पण पाचर ठोकून ठेवला. मुलगी त्या टोकावर हात फिरवून बराच वेळ उभी होती. मी घाई केली. आपल्याला उशीर होतोय, म्हटले.

तासभर स्की खांद्यावरच होत्या. रानातली वाट म्हणजे मुळे, दगड आणि गुळगुळीत गोठलेले पाणी. श्टाफेलआल्पपाशी, उन्हाळी गोठ्यांची जी वस्ती लागते तिथे, एकदाचा सलग बर्फ आला आणि आम्ही कातडी चढवली. गोठे बंद, धुराडी थंड. एका भिंतीला ऊन लागले होते तिथे बसून पहिली न्याहारी केली.

ह्या न्याहारीबद्दल दोन शब्द सांगते, कारण त्यात मी बरेच हात पोळून, खरे म्हणजे गारठवून घेतले आहेत. पहिल्या वर्षी मी तुपातल्या दशम्या नेल्या होत्या. तुपाचा असा दगड झाला की दातच हलला. गूळपोळी नेली तर ती पाठीवरच्या पिशवीत ठेवायची नाही. मेणकागदात गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात, अंगाशी ठेवायची, म्हणजे मऊ राहते. तिळाची वडी मात्र कुठेही चालते. थर्मासात मी चहाऐवजी आमसुलाचे सार नेते, त्यात गूळ आणि मीठ दोन्ही असते, आणि आता आजीही माझ्याकडे तेच मागतात. आणि अंगाशी सुती कपडा घालायचा नाही. आपल्याला सुताचे कौतुक, पण चढताना आलेला घाम सूत धरून ठेवते आणि थांबलात की अंगावर ओले फडके पडल्यासारखे होते. पातळ लोकरच हवी.

वर खोरे उघडे झाले आणि बर्फाची खरी अवस्था दिसली. वाऱ्याने कुठे तो घासून नेला होता, तिथे दगड बाहेर आले होते; कुठे घड्या घालून ठेवला होता. पृष्ठभागावर कडक कवच. तापवून गार केलेल्या दुधावर साय धरते ना, तसे. पाऊल ठेवले की क्षणभर पेलते आणि मग मोडून आत घेते. दर पावलाला तेच. टेकले, पेलले, मोडले. चालण्याला लय म्हणून लागेना. परिचारिकाबाईंचा पाय एकदा दगडावर आपटला आणि स्कीच्या तळाला हातभर चरा पडला. पण आकाश काय सुंदर होते! आणि पुढे, दोन खांद्यांच्या मधे, खिंड दिसत होती. आता तासाभराचाच प्रश्न, असे मला वाटले. आरोसाचे हॉटेल, गरम पाणी, स्टेशनावर उभे असलेले हे, असे सगळे मला तिथून दिसत होते.

एका सपाट जागेवर आम्ही एकीमागे एक चाललो होतो. आजी पुढे, मग मुलगी, मग मी. आणि एकदम पायाखालून आवाज आला. मोठा नव्हता. भरलेले धान्याचे पोते माळ्यावरून खाली ठेवावे तसा, 'ढुम्म'. त्याबरोबर सबंध जमीन बोटभर खाली बसल्यासारखे झाले. माझ्या उजव्या हाताला बर्फात केसाएवढी एक रेघ उमटली आणि पळत लांब गेली.

सगळ्या जागच्या जागी थांबलो. सपाटी होती, घसरायला उतारच नव्हता, म्हणून काही झाले नाही. पण खालची साखर मोडून वरची वडी खाली बसली, त्याचाच तो आवाज, हे न सांगता कळले. पुढे वाट खिंडीखालच्या उताराकडे वळत होती.

आजी पुढच्या उताराकडे पाहत उभ्या राहिल्या. मला वाटले, त्या आता डावीकडून जायचे की उजवीकडून ते सांगतील. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "नको."

मराठीतच म्हणाली. पण 'नको' काय, कुणालाही कळते. आजी म्हणाल्या, "बरं." आणि त्यांनी स्की फिरवायला सुरुवात केली.

आणि मी, जिने रात्री सर्वांत जोरात मान डोलावली होती, ती म्हणाले, "अगं पण का? हे बघ, इथून जेमतेम तासभर राहिलंय. बाबा तिकडे पोचले असतील. खोल्यांचे पैसे—"

आजींनी फक्त माझ्याकडे पाहिले. मुलीनेही पाहिले. तिचे डोळे भरले होते, पण ती काही बोलली नाही. कारण विचारायचे नाही, असे ठरले होते ना.

आमच्या माहेरी 'नको' म्हणायला कारण लागे. कारल्याची भाजी नको? का? अमक्याच्या लग्नाला जायला नको? का? आणि कारण सांगितले की ते पुरेसे नाही हे सिद्ध करायला घरात पाच वडीलधारी माणसे हजर! मीही तेच केले, तसेच मी तिला वाढवले, आणि त्यात वाईट काही केले असे मला कधी वाटले नव्हते. त्या सपाटीवर मात्र, पायाखाली ती रेघ घेऊन, सतरा वर्षांच्या पोरीला खोल्यांच्या भाड्याचा हिशेब सांगणाऱ्या माझी मलाच लाज वाटली. मी म्हटले, "चल." इतकेच. कातडी काढली, टाच अडकवली.

उतरण्याचे वर्णन काय करू? डॉयलसाहेबांची विजार आठवली. त्या सायीवर वळणच घेता येत नव्हते. वळायला गेले की कवच मोडून स्की आत अडकायची आणि आपण पुढे पालथ्या. मी सात वेळा पडले, आठव्यानंतर मोजणे सोडले. बालवाडीच्या बाई एकदा अशा पडल्या की एक स्की सुटून एकटीच दोनशे पावले पुढे गेली आणि एका दगडापाशी त्यांची वाट पाहत थांबली. शेवटी आम्ही तिरप्या-तिरप्या आडव्या रेघा मारीत, टोकाला थांबून पाय उचलून दिशा बदलीत, अशा उतरलो. इथल्या पट्टीच्या स्कीवाल्याने पाहिले असते तर डोळे मिटून घेतले असते. रानात पुन्हा स्की खांद्यावर, आणि आता दुपारच्या उन्हाने सकाळचे गोठलेले गवत सुटून खरोखरीचा चिखल झाला होता.

देवळाच्या टोकदार भिंतीपाशी बसून उरलेले सार प्यालो. ह्यांना फोन केला. हे आरोसाला पोचून चहा घेत होते. "अरे वा, पोचलात?" म्हणाले. मी म्हटले, "नाही. आम्ही आगगाडीने येतोय." पलीकडे क्षणभर शांतता. मग, "सगळ्या बऱ्या आहात ना?" आणि, "स्वेटर घेऊन स्टेशनावर येतो."

गाडीत आजी माझ्यासमोर बसल्या होत्या. क्लोस्टर्स गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "तुला एक सांगते. ती बोलली नसती तर मी आणखी थोडी पुढे गेले असते. कडेकडेने. चाळीस वर्षांची सवय. वाटलं होतं, जमेल." मी विचारले, "आणि जमलं असतं?" त्यांनी खांदे उडवले आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या. लांडक्वार्टला तिघी उतरून झ्युरिकच्या गाडीला गेल्या.

कूरहून आरोसाची छोटी गाडी सुटते ती ट्रामसारखी भर रस्त्यातून, दुकानांच्या आणि सायकलींच्या मधून, आणि मग तासाभरात साडेअकराशे मीटर वर चढते. एरवी मी खिडकीला नाक लावून बसले असते. त्या दिवशी मुलगी म्हणाली, "आई, मला खरं म्हणजे काहीच कळलं नव्हतं. पोटात गोळा आला, एवढंच. कारण विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं." मी म्हटले, "मी विचारलंच होतं." ती म्हणाली, "हो. माहीत आहे." आणि हसली.

हॉटेलात जेवणघराची वेळ संपत आली होती. शेजारच्या टेबलावर दोन तरुण, उन्हाने नाके भाजलेली. त्यांचे बोलणे कानांवर पडले आणि माझा घास तोंडातच राहिला. त्याच दिवशी दुपारी ते त्याच खिंडीतून आले होते. बर्फ भिकार होता म्हणे, पण वाट छान. आमच्या पाऊलखुणा त्यांना सपाटीपर्यंत दिसल्या होत्या. "तिथून कुणीतरी परत फिरलंय," एकजण दुसऱ्याला म्हणाला आणि मीठ मागितले.

ह्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मुलीकडे पाहिले. ती बशीत काटा फिरवीत होती, कान लाल झाले होते. मी काहीच बोलले नाही. बोलण्यासारखे होते काय? ते दोघे धडधाकट आले ह्याचा आनंद व्हायला हवा होता, आणि तो व्हायला मला थोडा वेळ लागला, हे कबूल करते.

खोलीत गेल्यावर कोट काढताना आतल्या खिशात हात गेला. मेणकागदात दोन गूळपोळ्या तशाच राहिल्या होत्या, चुरगळलेल्या पण मऊ. आरोसाच्या वाटेवर खिंडीत बसून खायच्या म्हणून जपून ठेवलेल्या. ह्यांनी खालून गरम दूध मागवले. पलंगावर मांडी घालून तिघांनी त्या वाटून खाल्ल्या, आणि मोठा तुकडा मुलीने कुणाला न विचारता उचलला.